ॲव्हरेज

अल ऐनच्या सनैयात छत्तीस वर्षं मी गाड्यांची नाडी बघतो.
दुरुस्त झालेली गाडी आधी जबल हफीतच्या चढाला लावायची,
ही गुलजान उस्तादची शिस्त.
उस्ताद पेशावरला परत गेला, शिस्त माझ्याकडे राहिली.

पहिली चढवली ती कॅप्रिस, सुहैलच्या बापाची.
पाच लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर,
बॉनेटखाली एवढी जागा की चटई टाकून झोपावं.
घोडे म्हणे एकशेसत्तर.
ऑगस्टात, अर्ध्या चढावर,
एसी बंद, काचा खाली, वर हीटर चालू,
तरी काटा लालात.
मग आम्ही दगडावर बसून
रेडिएटर निवण्याची वाट बघायचो.
"ॲव्हरेज किती?" मी नवखा, विचारून बसलो.
म्हातारा खोकला येईस्तोवर हसला.
लिटरला साडेपाच, मीच नंतर मोजलं.
पाणी महाग होतं तेव्हा, पेट्रोल नव्हे.

परवा सुहैल आला. सात सीटची नवी गाडी.
दोन लिटर, चार सिलिंडर,
इंजिन कुठंय ते प्लास्टिकचं झाकण काढेपर्यंत दिसेना.
घोडे अडीचशे.
हफीत कधी संपला कळलं नाही.
मी कान लावून होतो,
ती काही बोललीच नाही.

"किती देते?" या वेळी त्यानेच विचारलं.
साडेनऊ.
एवढी अक्कल ओतली, एवढ्याशा यंत्रातून एवढी ताकद काढली,
आणि साडेनऊ?
बाकीचं गेलं कुठं?
गेलं दोन टन वजनात, काचेच्या छपरात,
गार होणाऱ्या सीटांत,
आणि कुणी कधी न वापरलेल्या त्या ऐंशी घोड्यांत.

हा हिशेब मला नवा नव्हता.
सातशे दिरहमांत दोनशे उरायचे.
आज पगार सहापट, आणि उरतात
(जाऊ दे).
हर्णैला दुसरा मजला चढला,
रुबिनाची फार्मसी झाली, जावयाची बोट,
तिचंही डिझेल.

उतरताना सुहैलने पाय काढला.
पडद्यावरचा आकडा चढू लागला:
वीस, चाळीस, नव्व्याण्णव.
"बघ धामस्कर, थेंब पीत नाही!"
"उतारावर कोण पितं, सुहैल?"
तो हसला. अगदी बापासारखा, खोकला सोडून.

खाली पहिल्या सिग्नलला थांबलो.
इंजिन आपलं आपणच बंद पडलं.
सवयीने माझा हात
चावीकडे गेला.
चावी नव्हतीच.