सातवा खुंटा

मेळ्याच्या मैदानाला चाळीस दिवसांसाठी एक छत हवंय.
मी लॅपटॉपवर जाळं पसरते:
चारशे बारा गाठी,
दहा टोकं जमिनीला, दोन आकाशात.

आकार मी काढत नाही.
फक्त टोकं बांधते आणि ताण किती ते सांगते.
मग गाठ शेजारणीला ओढते,
ती तिच्या शेजारणीला,
फेरीगणिक भांडण थोडं थोडं मिटत जातं.
दोनशे सत्तराव्या फेरीला कुणीच हलत नाही,
म्हणजे ओढतात सगळ्याच, पण सारख्या.
दोन शिखरांमध्ये खोगीर उमटतं.

मुनीर खलीफा चष्मा कपाळावर सरकवतात.
त्यांच्या पणजोबांनी संस्थानच्या कनाती शिवल्या, राहुट्याही.
"ठीक है. पर ये सातवाँ खूँटा?"
तिथं पाइपलाइनचा जुना चर आहे, भराव अजून पोकळ.
आणि किल्ल्याला वळसा घालून आलेला वारा
नेमका तिथंच हात घालतो.

माझ्या गणितात वारा होता, तक्त्यातून घेतलेला.
माती नव्हती.

सातवा खुंटा दीड हात सरकवला
तर पार पलीकडची गाठ हलली,
लग्नघरात एक आत्या रुसली की पंगत हलते, तशी.
पुन्हा एकशे नव्वद फेऱ्या. चहा गार.

आता पट्टे कापायचे. हवे त्याहून कमी,
शंभरात दीड.
हे खलीफांना समजावायला गेले,
तर ते अंगठा दाखवत हसले:
एवढं आम्ही आधीच खातो, बेटा,
पुरतं कापलेलं कापड पहिल्याच रात्री झोल देतं.

मी राहते त्या भागाचं नाव लष्कर.
थोड्या दिवसांसाठी ठोकलेली छावणी,
उठायची राहून गेली.
कापडाच्या जागी दगड आले, नळ आले, वीजबिलं.
माझी मराठीही त्याच मुक्कामातली:
हिंदीच्या खुंट्यांना बांधलेली,
हवी त्याहून थोडी कमी कापलेली.
अजून झोल नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी छत उतरलं,
घडी टेम्पोत गेली.
नऊ खुंटे निघाले. सातवा निघेना.
दोन माणसं, एक पहार, बरीच शिवीगाळ.
"रहने दो," खलीफा म्हणाले.

रात्री फाइल उघडली.
चारशे बारा गाठी पुसल्या,
एक टोक तेवढं ठेवलं.