चोथा

जानू घवाळींच्या टपरीवरचा चोथा मी पिशवीतून वर नेते
हे आमच्या सरांना ठाऊक नाही.
नोंदवहीत लिहिलंय: कार्बनचा स्रोत, स्थानिक.
स्थानिक म्हणजे परळची मागची गल्ली, आलं-वेलचीसकट.
एकदा त्यात बिस्किटाचा तुकडा निघाला.

धुवायचा, वाळवायचा, पाण्यात कालवून
पोलादी भांड्याचं झाकण आवळायचं,
एकशे ऐंशी अंश, आठ तास.
तोवर मी खाली येऊन चहा पिते, त्याच पातेल्यातला.
मग गाळायचं, पुन्हा गाळायचं,
झिरझिरीत नळीत भरून दोन दिवस पाण्यात सोडून द्यायचं,
आणि उरतं ते चमचाभर, फिकट तपकिरी,
कपबशी विसळल्यावरच्या पाण्यासारखं.
कुणी बेसिनमध्ये ओतून दिलं
तर मी त्याला बोल लावणार नाही.

तीन-चार नॅनोमीटरचे कण.
आईला फोनवर सांगत होते,
खसखशीचा एक दाणा घे, त्याचे भाग कर, किती, तर
आणि आकडा तोंडातच राहिला.
ती म्हणाली, जेवलीस का?

जांभळी बॅटरी धरली की ते पाणी निळं होतं.
काजव्यासारखं नाही, काजवा लुकलुकतो.
हे सलग,
बारीक करून विसरलेल्या गॅससारखं.

लाल उजेडाचं वेगळं.
लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा;
तो पडला की कण तापतात.
तबकडीत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी,
कुणाच्या तरी गालातल्या,
डबीवर नाव नाही, क्रमांक.
अठ्ठावीसवरून एकोणपन्नास अंश, सात मिनिटांत.
सकाळपर्यंत त्या मेल्या.
शेजारच्या तबकडीत नुसताच उजेड होता, कण नव्हते.
तिथे काही झालं नाही.

गुरुवारी टपरी आवरायच्या वेळी
बाटली घेऊन खाली गेले. जानूकाकांनी दिवा घालवला.
"हा माझा चोथा?"
"तुमचाच."
हसले असावेत.
त्यांचं हसू गालापर्यंत पोचत नाही;
बावीस वर्षं गुटखा,
तोंडात दोन बोटं शिरत नाहीत,
पाव बुडवून मऊ केल्याशिवाय घास जात नाही.

"बाय, ह्यानं तोंड उघडंल?"

नाही, म्हटलं. हे त्यासाठी नाही.
उद्या गाठ झालीच, तर, कदाचित,
आणि तेही आज नाही.
आधी उंदीर. मग कागद. मग पुन्हा उंदीर.
मग माणसं, थोडी, सह्या घेऊन.
दहा वर्षं. जास्तच.

त्यांनी फडकं पिळलं, ओट्यावरून फिरवलं,
पुसून झालेल्या जागेवरूनही फिरवत राहिले.
मी बॅटरी बंद केली.
बाटलीत पुन्हा विसळलेलं पाणी.
म्हटलं, सोमवारी माझ्यासोबत चला, दाखवून येऊ.
"बघू."

सोमवारी मी फाटकाशी पाऊण तास थांबले.
टपरी बंद होती.

मंगळवारी उघडी.
स्टोव्हचा आवाज, उकळी, "साखर कमी ना?"
त्यांच्या खिशातून केसपेपरची पिवळी घडी डोकावत होती.
मी विचारलं नाही. त्यांनीही बोट दाखवलं ते खाली,
बाकाच्या पायाशी,
वनस्पती तुपाचा जुना डबा, वर खडूनं:
बायचा चोथा. टाकू नये.

उघडून पाहिला.
बिस्किटाचा कणसुद्धा नव्हता.