पुढचा थांबा

टेबलावर आणली तेव्हा
मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही.
कागदावर होतं: हेल्वे राउडसेप, वय एकसष्ट,
डाव्या स्वरतंतूवर पांढरा चट्टा,
तीन महिने आवाज बसलेला.
मग भूलतज्ज्ञाने विचारलं, शेवटचं काय खाल्लंत,
ती म्हणाली, काल रात्री काळा पाव,
आणि माझ्या हातातली चिमट्यांची ताटली थबकली.

घोगरा होता, खरखरीत, तरी तोच.
वीस वर्षं कोप्लीच्या ट्राममध्ये
हाच आवाज मला कामावर सोडतो.
पुढचा थांबा. पुढचा थांबा.
आईला पोचवायला गेले त्या सकाळीही
कुठे उतरायचं ते यानेच सांगितलं होतं.

मी काही बोलले नाही.
या खोलीत माझ्या वाट्याला मोजके शब्द.

दातांना रबरी कवच.
डोळ्यांवर ओली पट्टी, गालांवर ओले टॉवेल.
नळीच्या फुग्यात हवा नाही, निळं पाणी,
फुटलाच तर आधी दिसेल, मग विझवेल.
ऑक्सिजन तिसाच्या खाली.
ज्या वाटेने श्वास जातो
त्याच वाटेने विस्तव आत धाडायचा,
तेव्हा श्वासाला थोडं उपाशी ठेवावं लागतं.

डॉक्टर लेप्पिक पायाने पेडल चाचपतात.
जेवणाच्या खोलीत गडगडाटी हसणारा माणूस,
इथे पापणीसुद्धा हिशेबाने हलवतो.
"लेझर तयार," मी म्हणते.
"तयार," भूलतज्ज्ञ म्हणतो.
चष्मे लावलेले आम्ही पाच जण
पाणबुड्यांसारखे, कुणी हलत नाही.

पडद्यावर ते दोन दिसले.
आपण तंतू म्हणतो,
उगाच मनात एखादं वाद्य येतं.
तार कुठली, ती ओली दुमड,
दोन्हींकडून एक एक,
करंगळीच्या पेराहून आखूड.
एवढ्याशा दुमडीतून
आमच्या मार्गाचे सोळा थांबे निघाले.

किरण दिसत नाही.
दिसतो तो लाल ठिपका, नुसता वाटाड्या,
खरा पाहुणा त्याच्या मागून येतो.
ठिपका चट्ट्याच्या कडेला टेकला.
टिक्.
धुराचा एक धागा,
मास्कमधूनही केस जळल्याचा वास.
उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी
तशी पांढरी कड सुटत गेली.
त्याखाली जायचं नाही. तिथे एक मऊ थर असतो,
तो खरवडला तर आवाज येतो,
लाट येत नाही.
लेप्पिक थांबले.
अजून एक ठिपका? बराच वेळ बघत राहिले.
इतका वेळ, की मला माझं मनगट दुखायला लागल्याचं कळलं.
"पुरे."
"लेझर बंद," मी म्हणाले.
चट्टा बाटलीत पडला, शिताएवढा.

दहा दिवस तोंडातून ब्र नाही.
कुजबुजही नाही, ती तर जास्त वाईट.
शुद्धीवर आल्यावर तिने पाटीवर लिहिलं:
आणि कुत्र्याला काय सांगू?

त्या संध्याकाळी ट्राममध्ये बसले.
ती तिकडे चौथ्या मजल्यावर गप्प पडलेली,
आणि इथे छतातून बोलत होती,
चाळिशीची, निकोप,
अहवालाची वाट न बघणारी.
पुढचा थांबा, म्हणाली.
माझाच होता. उतरायचं राहून गेलं.

अहवाल आला: वाईट होतं, पण वरवरचं.
महिन्याने तपासणीला तिने "ई" म्हणून दाखवलं,
लेप्पिक इतके हसले की बाहेरची माणसं दचकली.
मी तेव्हाही तिला काही सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये जुन्या गोदीसमोर
एक नवा थांबा झाला. त्यासाठी
ट्रामवाल्यांनी तिलाच बोलावलं.
आता सोळा नावं जुन्या आवाजात
आणि सतरावं जरासं खालच्या पट्टीत,
शेवटी थोडी हवा निसटते.
कुणी मान वर करत नाही.
पोरं फोनमध्ये, म्हाताऱ्या पिशव्या सावरतात.

काम नसताना
कधीमधी मी तिथे उतरते.
गोदीचा वारा थेट घशात जातो.
खोकते. चालू लागते.