अपवादाची नोंद

कर्नलचं काम करते म्हटलं
की साखरी नाट्याच्या जेटीवर हमखास विचारतात,
कुठल्या रेजिमेंटचा?
समजावणं मी सोडलंय.
असतो एक, म्हणते. यंत्राच्या आत. निवृत्त होत नाही.

या महिन्यात माझ्या वाट्याला अपवाद आलेत.
म्हणजे, प्रोसेसर आपला एकेक आज्ञा पाळत निघालेला
आणि मध्येच कुणी त्याला शून्यानं भागायला सांगतं,
नाहीतर नसलेल्या पत्त्यावर पाठवतं,
नाहीतर असा शब्द देतं जो त्याच्या भाषेतच नाही.
तेव्हा त्यानं कुठं वळायचं, कुणाला हाक मारायची
ते सांगणाऱ्या ओळी.
वीस वर्षांत बारा हातांनी लिहिलेल्या.
एकोणीस अपवादांना एकोणीस दारं,
आणि दारामागं तेच सामान, जरा जरा वेगळं रचलेलं.
कुणी रजिस्टरं उलट्या क्रमानं ठेवलीत.
कुणी एक विसरलंय,
आणि पुढच्यानं त्या विसरण्याचीच सवय लावून घेतलीय.

मी आवरते आहे. फक्त आवरते.
सकाळी चालत होतं ते संध्याकाळी तसंच चालावं
आणि ओळी चारशेनं कमी व्हाव्यात.
काहीच झालं नाही, हे यातलं यश.
त्याचे पेढे वाटता येत नाहीत.

एका ओळीवर शेरा होता: हात लावू नये. वि. प.
कारण नाही, तारीख नाही.
चार दिवस ती ओळ वाचली.
ती काही करत असल्याचं दिसेना.
पाचव्या दिवशी पुसली.
माझ्या सगळ्या यंत्रांनी माना डोलावल्या.

मग पहाटे तीनला दाऊदचाचा पावसकरांचा फोन.
बर्फाच्या फॅक्टरीतला जुना संगणक
(त्याच्यावर नवा कर्नल मीच चढवला होता,
चाचणी म्हणून, त्यांना विचारून)
गपगार. पडदा काळा. चूक नाही, तक्रार नाही.

धावत गेले. सात ट्रॉलर लागलेले,
क्रशरचा खडखडाट, नाकात अमोनिया,
लाद्यांचा चुरा बोटींच्या पोटात उतरतोय.
काहीही थांबलेलं नव्हतं.
चाचांच्या गुडघ्यावर वही.
संगणक गेला तिथं एक आडवी रेघ.
रेघेखाली: तीन वाजून सात.
'अल-मदिना', एकतीस दिल्या, नऊ बाकी.

"आधी लिवून ठेवायचा," म्हणाले,
"आपण खंय होतो ता.
मंग धावायचा. मंग बोंबलायचा.
उलटा केलास तर परत येशील खंय?"

ओल्या फळीवर बसले, लॅपटॉप मांडीवर.
उजाडता उजाडता सापडलं.
एक अपवाद निस्तरताना दुसरा उपटला
तर पहिल्याचा पत्ता त्याच जागी खोडून
प्रोसेसर दुसऱ्याचा लिहितो.
माझ्या नव्या यंत्रांवर ती वेळच येत नव्हती.
या म्हाताऱ्यावर रोज येत असणार.
आणि वि. प.ची ती निरुद्योगी ओळ
पहिला पत्ता गुपचूप बाजूला काढून ठेवत होती,
इतर काहीही करण्याआधी.

परत लावली.
एकोणीस दारांना मिळून आता एकच उंबरा,
त्यावर सगळ्यात आधी ती.
शेरा मात्र बदलला:
का, कुठल्या यंत्रावर, कधी दिसलं.
खाली वि. प. तसंच ठेवलं.
त्यांच्या जुन्या पत्त्यावर आभार धाडले होते,
परत आले.
निदान परत आले.

संगणक उठला. चाचांनी चष्मा पुसला
आणि रेघेखालून एकेक आकडा आत भरायला घेतला,
एका बोटानं.
'अल-मदिना' केव्हाच बाहेर पडली होती,
मध्ये काही घडलं याची तिला खबर नाही.
हिशोब जुळला. नऊच्या नऊ.
जेटीच्या टोकाला तरी एक लादी वितळत पडली होती.
ती कुणाची,
ते वहीतही नव्हतं आणि यंत्रातही नव्हतं.