कड ठेवायची कुठे

पेन हातात आलं की आधी मी ते हलवतो.
छत्तीस वर्षांची सवय. आतली सुई टिकटिक वाजली
की समजायचं, तोंड मोकळं आहे, शाई उतरेल.
हे पेन वाजत नाही.
जिगीषा हसते. "अंकल, आमां शाही नथी."

तिसऱ्या मजल्यावरची पोर. रविवारी साडेचारला येते.
कोपऱ्यात तडकलेला टॅबलेट तिनेच दिलाय.
फी म्हणून वाटीभर चिवडा, गोडसर,
बडोद्याच्या जिभेला चालेल असा.

मी कॉर्पोरेशनमध्ये ड्राफ्ट्समन होतो.
ट्रेसिंग पेपर, शून्य पॉइंट दोनची निब.
रेघ म्हणजे रेघ. अलीकडे एकाचं, पलीकडे दुसऱ्याचं.
"रेघ जाड झाली, घारपुरे, तर कोर्टात माणसं उभी राहतात,"
शिरोळेसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
चुकलं तर दाढीच्या पात्यानं शाई खरवडायची.
तिथे कागद कायमचा पांढुरका राही.

आणि ही म्हणते, रेघ विसरा.
दोन रंग शेजारी ठेवा,
ब्लेंडरचा ब्रश घ्या, याच्यातून त्याच्यात जा,
परत या. दाबलं तर तो रंग ओढतो,
सैल सोडलं तर नुसता कुरवाळतो.
माझा हात एकाच दाबाचा.
महिनाभर सगळ्याचा चिखल झाला.

मग म्हटलं, चिखलच काढू.
विश्वामित्रीच्या काठावर
ऊन खात पडलेली मगर. फोटो पुलावरून काढलेला,
सुमतीनं माझा शर्ट मागून धरलेला.
रंग उचलायची नळी मगरीच्या पाठीवर टेकवली: राखाडी, हिरवट.
चिखलावर टेकवली: हिरवट, राखाडी.
ब्रशनं मी करणार ते
हिनं आधीच करून ठेवलेलं.

या नदीची हद्द मी एकदा काढली होती.
तांबडी, तुटक, बारा शिटांवर एकसारखी.
खाली साहेबांची सही, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.
पुढे एका भादव्यात नदी ती ओलांडून
आमच्या गल्लीत दोन दिवस राहून गेली.
पाणी उतरल्यावर पारनेरकरांच्या स्कूटरखाली
गाळाचा एक ढीग होता.
दुपारी त्यानं तोंड उघडलं.
नकाशा दाखवायला कोण पुढे होणार?

जिगीषाचं "चालशे" कुठे संपतं
आणि माझं "चालेल" कुठे सुरू होतं, कळत नाही.
सुमती खिडकीला बारी म्हणते.
पुण्याची वन्सं हसतात, तिला पत्ता नसतो कशाला.
मुलं कडेवर वाढवली, कडेला लावली,
इतकी वर्षं कडा राखण्याचाच पगार घेतला.
घरात मात्र हा ब्रश
माझ्या आधीपासून कोणीतरी फिरवत होतं.

परवा हात पहिल्यांदा हलका पडला.
शेपटी पाण्यात गेली. मग पाय. मग पाठ,
एकेक खवला करून, न दुखवता.
मी थांबलो नाही. थांबावंसं वाटेना.
सुमती चष्मा लावून वाकली.
"मगर कुठाय?"
"आहे ना. तिथेच आहे."
"नदीला जाणाऱ्यांनाही असंच वाटत असेल."

जिगीषानं चित्र मोठं केलं, लहान केलं,
चिवड्यातला शेंगदाणा शोधून खाल्ला.
"सरस छे. पण एक धार राखो, अंकल. एकच."
कुठे, ते नाही सांगितलं. तिला क्लासला उशीर होत होता.

रात्री बसलो. पाठीवर रेघ मारून बघितली, मागे घेतली.
जबड्यावर, मागे घेतली.
इथे खरवडल्याचा डागही राहत नाही.
ती सोय आहे, पण सवय नाही.
दहा वाजून गेले. डोळ्याच्या वरच्या पापणीपाशी
चार मिलिमीटर जागा होती.
सगळ्यात बारीक निब निवडली,
पेन हलवलं,
आणि ओढली.

सुमती मागून बराच वेळ बघत होती.
मग म्हणाली,
"बारी लाव आता. डास येताहेत."