मागे घेताना

अ‍ॅपलाचिकोलाच्या अलीकडे, कोळंबीच्या होड्यांपाशी
वेंडेल घर मागे घेतो.
घरच ते. दहा मीटर लांब, दोन शेगड्या, एक संडास,
आणि ओहायोहून आणलेलं लोरीनचं शिवणयंत्र,
अजून न उघडलेलं.

ती मागे उभी, हातवारे करत.
"येऊ दे... येऊ दे... अरे, तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे!"
शेजारच्या तंबूतला पोरगा हसतो.
एक्केचाळीस वर्षं हेच भांडण,
पूर्वी फक्त गाडी लहान होती.

संध्याकाळी उकडलेल्या शेंगा, ओलसर कागदी पिशवीतून.
फेब्रुवारीत अनवाणी! ती तिसऱ्यांदा म्हणते.
तिकडे बहीण फावड्यानं बर्फ उपसत असेल
याचं थोडं सुख, थोडी लाज.
वेंडेल एकाच खांबाकडे बघत राहतो.
"तो पाणकोळी आहे ना गं?"
"हो," ती म्हणते.
खांब रिकामा.

त्याच्या डाव्या डोळ्यात धुकं उतरलंय.
डॉक्टरला माहीत, तिला माहीत.
त्याला वाटतं, तिला नाही.

बिलॉक्सीपर्यंत अजून तीन मुक्काम.
हल्ली ती उजव्या आरशात उभी राहते.
का, ते तो विचारत नाही.
येऊ दे.
येऊ दे.
बास.