कुठेतरी पाणी मुरतंय

सात नंबरच्या विहिरीत खडक फोडून झाला मंगळवारी.
अकरा टप्पे. वाळूचे ट्रक मोजता मोजता
सोळंकीचा आवाज बसला होता फोनवर:
मॅडम, आता उघडू?
पनवेलच्या प्रयोगशाळेतून मी म्हटलं, नको.
तोंड बंद करा. एकवीस दिवस.

पलीकडे मेहसाण्याचं ऊन
बराच वेळ काहीच बोललं नाही.

कर्णिक साहेब बोलले.
पाणी घातलं की पाणी उपसायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज.
रोजचं भाडं त्यांनी फळ्यावर लिहिलं,
शून्यं जरा मोठीच काढली,
आणि म्हणाले, म्हात्रे,
यात कुठेतरी पाणी मुरतंय.

हो सर, म्हटलं.
तेच तर.

माझ्या टेबलावर त्याच विहिरीचा अंगठ्याएवढा तुकडा,
सतराशे मीटर खालचा, पाटीसारखा काळा,
काचेच्या भांड्यात खाऱ्या पाण्यात बुडवलेला.
पंप नाही, दाब नाही, कुणी ढकलत नाही.
पाणी आपणहून शिरतं
केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या फटीत
आणि तिथे कोट्यवधी वर्षं अंग मुडपून बसलेल्या तेलाला
म्हणत असावं, जरा सरक.
अहवालात याला लांबलचक नाव आहे, तीन ओळींची व्याख्या.
आमच्या घरी लोणचंसुद्धा हेच करतं.

आठ दिवस काही नाही.
दगडच आहे तो मॅडम, रात्रपाळीचा मुकादम म्हणाला,
आणि वजनाच्या रकान्यात कालचाच आकडा
पुन्हा नीट अक्षरात लिहिला.

सोळंकी रोज सकाळी दाब कळवतो.
तीनशे बारा.
दोनशे सत्त्याण्णव.
दोनशे नव्वद.
खडक पितोय,
की कुठल्या जुन्या भेगेतून नुसतंच गळतंय?
आकडा दोन्हींचा सारखाच दिसतो.
शिवाय खडकातली माती पाण्याने फुगली
तर फोडून उघडलेल्या फटी आतल्या आत मिटतील,
हेही मला ठाऊक आहे.
फळ्यावर ते मी लिहिलं नाही.

आबा मिठागरात होते, उलव्याच्या बाजूला.
उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि उघाडी लावून टाकायची.
नाव उघाडी,
आणि जन्म सगळा मिटून राहण्यात.
ठेकेदार बांधावर चपला आपटत विचारायचा, मीठ कवा?
आबा बोट बुडवून जिभेला लावायचे.
आजून पानीच हाय.
एका वर्षी ते एक दिवस जास्त थांबले.
वळवाने रात्रीत सगळ्या कोंड्यांचं पुन्हा पाणी केलं.
सकाळी ठेकेदार काही बोलला नाही.
आबा दोन दिवस जेवले नाहीत.

नवव्या रात्री, तीनला वीस कमी,
मुकादमचा फोन: मॅडम, घाम आलाय.
कुणाला?
दगडाला.

मी पोचले तेव्हा त्याच्या पाठीवर
मोहरीएवढा एक थेंब होता, तपकिरी.
आम्ही दोघं उभेच राहिलो.
चहा निवला.
मग तो सुटला,
काचेच्या अरुंद मानेत वर गेला
आणि तिथे थांबला, जणू पत्ता विचारतोय.
मुकादमने वहीत शून्य पूर्णांक शून्य दोन लिहिलं
आणि समासात, जिथे काही लिहायचं नसतं,
लिहिलं: निघाला.

आज चौदावा दिवस. दोनशे एक्याऐंशी.
थेंब आता पाच आहेत.
कर्णिक साहेब म्हणतात, अंगठ्याएवढा दगड म्हणजे विहीर नव्हे.
खरं आहे ते.
फळ्यावरची शून्यं अजून तशीच आहेत,
सफाईवाल्या मावशी त्यांच्या कडेकडेने पुसतात.

दुपारी कुणी नव्हतं तेव्हा
नियम मोडून मी भांड्यात करंगळी बुडवली,
जिभेला लावली.
खारट. मागून कडवट.
आबांना यातून काय कळायचं
हे मला कधीच विचारायचं सुचलं नाही.

फोन वाजतोय.
सोळंकी.
पहिला शब्द काय असेल, ठाऊक आहे.